मराठी पिक्चरचं सबटायटल

नंदकिशोरना ऐकू येत नाही ही गोष्ट फक्त नंदकिशोरना माहीत होती, असं नंदकिशोरना वाटत होतं.

रविवारच्या पुरवणीत त्यांचं ‘दूरचा पडदा’ नावाचं सदर यायचं. आसामी, मल्याळी, मणिपुरी, बोडो, तुळू. जे सिनेमे थेटरात लागतच नाहीत, लागलेच तर सकाळच्या एका खेळाला, आणि त्या खेळालाही दिग्दर्शकाचे मामा-मावश्या सोडून कुणी फिरकत नाही, अशा सिनेमांची परीक्षणं. बँकेतली नोकरी सांभाळून सुरू केलेला हा उद्योग निवृत्तीनंतर पूर्णवेळ होऊन बसला. कामोठ्याच्या त्यांच्या सोसायटीत त्यांना ‘पिक्चरवाले काका’ म्हणत आणि त्यांनी सांगितलेला एकही पिक्चर कुणी बघत नसे. त्याचं त्यांना फार वाटत नसे. त्यांचे वाचक निराळे होते. सांगोल्याचा एक डॉक्टर, परभणीच्या एक प्राध्यापक बाई, असे कुठे कुठे विखुरलेले, आणि ते त्यांचा शब्द प्रमाण मानत.

कान जायला लागले ते हळूहळू. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दाराची बेल, मग बायकांचे आणि पोरांचे आवाज. समोरच्याचं बोलणं कापसातून आल्यासारखं यायचं आणि त्यातलं नेमकं हवं तेच गळून पडायचं. डॉक्टरकडे जाऊन यंत्र लावून घेता आलं असतं. पण कानात यंत्र घातलेला समीक्षक म्हणजे दात पडलेला खवय्या, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि एकदा मनानं घेतलं की नंदकिशोर कुणाचं ऐकत नसत, कान चांगले होते तेव्हाही.

शिवाय त्यांच्या कामात ते खपून जात होतं. परभाषेच्या सिनेमाखाली इंग्रजी अक्षरं असतातच. मणिपुरी कळणारा माणूस कामोठ्यात शोधून सापडला नसता, तेव्हा सगळेच वाचतात, तसे तेही वाचत. अडचण यायची ती संगीताची. त्यावर त्यांनी एक वाक्य शोधून काढलं होतं, ‘संगीत संयत आहे’. अलीकडे त्यांच्या सदरात सगळ्याच सिनेमांचं संगीत संयत असे. फोन आला की ते हातानं खूण करत, “लिहितोय, तू घे,” आणि चारुलताबाई फोन घेऊन निरोप सांगत. बायको इतकी वर्षं बिनतक्रार फोन का घेते, हा प्रश्न त्या हुशार माणसाला पडला नाही.

‘उघाडी’ हा सिनेमा मात्र मराठी होता. म्हणजे आगरी बोलीतला. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप. भरतीचं खारं पाणी ती शेतात येऊ देत नाही आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते. मनस्वी नावाच्या मुलीनं तो केला होता. तिचं गाव विमानतळासाठी उठलं आणि आता ते उलव्याजवळच्या प्लॉटांवर, नव्या तीनमजली घरांत राहायला गेलं होतं. एका महोत्सवात सिनेमा दाखवला गेला, तिथे चार लोकांनी कौतुक केलं, आणि तिनं नंदकिशोरना लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘सर, तुम्ही बघाल तर बरं वाटेल. आपल्या इकडचाच आहे.’

त्यांनी लॅपटॉपवर बघितला. बोली आगरी, माणसं भराभर बोलणारी, निम्मे संवाद पाठमोरे. पहिल्या पाच मिनिटांत एक अक्षर हाती लागलं नाही. चारुलताबाई बाजूच्याच खोलीत भाजी निवडत होत्या. हाक मारून ‘काय म्हणतायत ग हे?’ असं विचारता आलं असतं. पण विचारलं की सगळंच उघड्यावर आलं असतं. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं होती. ते ती वाचत गेले.

गोष्ट साधी होती. एक म्हातारी. गाव रिकामं होतंय, पण दोन्ही मुलगे आईला सांगत नाहीत. घराची डागडुजी आहे, चार दिवस नातेवाइकांकडे जाऊ, गणपतीनंतर परत येऊ, असं सांगतात. ती मान डोलावते. जायच्या आदल्या रात्री ती त्या घरातच प्राण सोडते. सकाळी घर पाडायला मशिनं येणार म्हणून मुलं घाईघाईनं तिला स्मशानात नेतात, पावणेरावळे पोचायच्याही आधी. आणि शेवटी नव्या घराच्या गच्चीवर थोरला मुलगा धाकट्याला एकच वाक्य बोलतो. खाली अक्षरं उमटली, ‘शी वॉज अलाइव्ह.’

नंदकिशोर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. ती जिवंत होती! म्हणजे घर रिकामं करायच्या घाईत पोरांनी श्वास चालू असलेली आई चितेवर ठेवली. केवढं धाडस या मुलीचं. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्या परीक्षणात इतकी जीव तोडून स्तुती केली नव्हती. ‘एका वाक्यात दिग्दर्शिका सबंध सिनेमा उलटा करते,’ असं त्यांनी लिहिलं, आणि ‘मोबदल्याच्या लोभानं आंधळी झालेली लेकरं’ असंही. एक खोट मात्र काढली. म्हातारीला परत यायचंय असं वाटतंय, तर आदल्या संध्याकाळी ती देव्हाऱ्यातले देव उतरवून पदरात का बांधते? ही पटकथेतली चूक आहे, असं त्यांनी सौम्य शब्दांत नोंदवलं. संगीत संयत होतंच.

पुरवणीचा संपादक अभिराम, तरुण आणि हुशार. त्यानं वर मथळा दिला, ‘ती जिवंत होती!’ सांगोल्याच्या डॉक्टरांचा दुपारच्या आत मेसेज आला, ‘वाचून अंगावर काटा आला.’ नंदकिशोरनी तो चारुलताबाईंना दाखवला. त्या दिवशी ते दोनदा भात वाढून घेऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो चारुलताबाईंनी स्वयंपाकघरात घेतला. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांनी आधी लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग खुर्ची ओढून नंदकिशोरच्या समोर, खिडकीकडे तोंड करून बसल्या, चेहऱ्यावर उजेड पडेल अशा.

“मनस्वीचा फोन होता,” त्या म्हणाल्या. सावकाश, तोंड नीट उघडून. “रडत होती.”

“आनंदानं?”

“नाही हो.” त्या म्हणाल्या. “शेवटचं वाक्य तुम्ही काय समजलात?”

“ती जिवंत होती.”

“ती म्हणाली, वाक्य आहे, तिला जान व्हती. जान. त्यांच्याकडे ण नाही म्हणत, न म्हणतात. पाण्याला पानी, तसं. तिला जाण होती. म्हातारीला सगळं माहीत होतं, एवढंच आहे ते. ज्यानं इंग्रजी केलं तो हिंदीवाला, त्याला जान म्हणजे जीव वाटला.”

 नंदकिशोरच्या डोळ्यांपुढे पदरात देव बांधणारी म्हातारी आली. तिला माहीत होतं म्हणून तिनं देव उतरवले. त्या बाईनं आणि त्या दिग्दर्शिकेनं सगळं त्यांना दाखवून ठेवलं होतं, कानाची गरजच नव्हती त्याला, आणि त्यांनी त्याला चूक म्हटलं होतं. खालच्या अक्षरांवर विश्वास ठेवला आणि वरच्या माणसावर ठेवला नाही.

“तिनं विचारलं,” चारुलताबाई म्हणाल्या, “सरांनी ऐकलं नाही का?”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, विचारते.”

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. बायको उजेडात बसली होती. हात तोंडासमोर येऊ देत नव्हती. वाक्यं तोडून तोडून बोलत होती. आणि ती आजच अशी बसली नव्हती. रोज जेवताना, टीव्हीसमोर, रिक्षात, ती अशीच बसायची, नेहमी त्यांच्या उजव्या अंगाला, ज्या कानात अजून थोडी धुगधुगी होती त्या बाजूला.

“तुला ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“जाईच्या साखरपुड्यापासून.” जाई त्यांची मुलगी. “तिच्या सासऱ्यांनी विचारलं, तुम्हाला शुगर आहे का? तुम्ही म्हणालात, हो हो, दोन्हीकडून निम्मा निम्मा खर्च. सगळे हसले. तुम्हाला वाटलं तुम्ही विनोद केलात, तुम्हीपण हसलात. मला हसू नाही आलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतकं सांभाळून लपवत होता,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, लपवू देत. मी बोलले असते तर तुम्ही लिहायचं सोडलं असतंत.”

नंदकिशोरना तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग नुसतीच लाज वाटली.

मनस्वी दुपारी स्कूटीवरून आली. तिशीची असेल, सडपातळ, डोळे सुजलेले. चारुलताबाईंनी दिलेलं सरबत तिनं हातात घेतलं आणि तसंच ठेवलं.

“सर, चूक माझीबी हाय,” ती म्हणाली. “सबटायटल मी चेक क्येलाच नाय. ते बाहेरच्या लोकांसाठी व्हता. मराठी मानूस मराठी पिक्चरचा सबटायटल वाचंल, असा मला कसा वाटनार?”

तिचं बोलणं भराभरा येत होतं. चारुलताबाई प्रत्येक वाक्य हळूच पुन्हा म्हणत होत्या. मनस्वी एकदा बाईंकडे, एकदा त्यांच्याकडे बघू लागली. नंदकिशोरनी घसा साफ केला.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हे वाक्य तोंडातून काढलं, आणि ते किती छोटं आहे याचं त्यांना नवल वाटलं.

 मनस्वीनं विचारलं, “मंग लिवता कशाला?”

तिनं उद्धटपणे विचारलं नव्हतं.

मग तिनं सगळं सांगितलं. सिनेमातली म्हातारी म्हणजे तिची आजी, पुतळाबाई. मुलगे म्हणजे तिचे वामनकाका आणि तिचे वडील हरेश. दोघांनी खरंच आईशी खोटं बोलून तिला न्यायचं ठरवलं होतं, तिला धक्का बसू नये म्हणून. ती खरंच जुन्या घरातच वारली आणि मशिनं दारात उभी असल्यामुळे त्यांनी खरंच घाई केली. तेव्हापासून गावात कुजबुज होती, आयसला नीट वाटेलापन लावली नाय. कुणी तोंडावर बोललं नव्हतं. आता बोलायची गरजच उरली नाही. मथळ्याचा फोटो सगळ्या गावच्या मोबाईलवर फिरला होता. वामन आणि हरेशनी आईला जिवंत जाळलं, आणि ते कोण म्हणतंय, तर त्यांचीच पोरगी.

“बापूस कालपासून माझ्याशी बोलला नाय,” ती म्हणाली. “गावच्या समाजहॉलमधी पिक्चर दाखवायचा ठरला व्हता. काका बोल्ला, हॉलला कुलूप लावतो, बघतो कुठं दाखवतेस पिक्चर.”

“मी त्यांना भेटून सांगतो,” नंदकिशोर म्हणाले. “तो शब्द काय आहे ते समजावतो. जान नाही, जाण.”

“नको!” तिचा आवाज इतका चढला की तो त्यांनाही ऐकू आला. मग ती पुढे सरकली आणि चारुलताबाईंसारखी सावकाश बोलू लागली. “सर, त्यांना ते म्हाईत नाय. आजीला समजला व्हता, ते त्या दोघांना म्हाईतच नाय. आजी फक्त मला बोल्ली. पोरांना सांगू नको, बोल्ली, मी बघून घेतलाय सगळा, त्यांना उगाच लागंल. दोघंबी आजून समजतान, आयसला फसवून मारली आमी. काका दारू पितो ते त्याच्यानंच. मी तोंडानं सांगायला ग्येले कितींदा. जमला नाय. म्हनून पिक्चर क्येला. त्या एका वाक्यासाठी क्येला. ते त्यांनी हॉलमधी बसून ऐकायचा. तुमी पेपरात लिवा चूक झाली म्हनून. पन काय चूक झाली, ते लिवू नका.”

ती गेली. विमानतळाकडून एक विमान अगदी घरावरून गेल्यासारखं गेलं असावं, कारण खिडकीची काच थरथरली आणि चारुलताबाईंनी वर बघितलं.

अभिरामशी बोलणं मेसेजवर झालं. तो अशा गोष्टींना घाबरणारा नव्हता. शब्दाचा घोळ नंदकिशोरनी कळवताच त्यानं लिहिलं, ‘सर, टेन्शन नको. जान की जाण अशी मस्त चौकट करू. बोलीची गंमत. लोकांना आवडेल उलट.’

नंदकिशोरनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. किती सोपं होतं. एका अक्षराचा घोळ. ण आणि न. कुणीही क्षमा केली असती. परभणीच्या प्राध्यापक बाईंनी तर त्यावर वर्गात एक तास घेतला असता. पण तेच अक्षर त्यांना वापरायचं नव्हतं. तो शब्द सांगायचा नसेल तर मराठी माणसाला मराठी वाक्य का कळलं नाही याचं कारण उरत होतं एकच.

त्यांनी ‘तो शब्द छापता येणार नाही’ एवढंच कळवलं. अभिरामनं दुसरी वाट काढली, ‘तांत्रिक चुकीमुळे असं लिहू. कोण विचारतंय?’ खरंच कोण विचारणार होतं? गावातले लोक. आणि तांत्रिक चूक म्हटल्यावर ते काय समजले असते? दाबलं कुणीतरी, असंच. पेपरवाल्यांना पैसे चारले, असं.

दोन दिवस ते लिहायला बसले आणि उठले. सदर म्हणजे काही लाखमोलाची गोष्ट नव्हती, हे त्यांना कळत होतं. पण सकाळी उठून दाढी करायची ती त्या सदरासाठी. सोसायटीतल्या बाकड्यावर निवृत्त मंडळी गुडघ्यांच्या आणि पार्किंगच्या गोष्टी करत बसायची, त्यांच्यातून ते मान ताठ ठेवून पुढे जात, ते त्या सदराच्या जिवावर. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं. छोटंच झालं.

‘गेल्या रविवारी मी “उघाडी” या सिनेमाच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ दिला, तो साफ चूक आहे. ते वाक्य कुणावरही आरोप करत नाही. त्या सिनेमात कुणी कुणाला जिवंत जाळलेलं नाही. मला ऐकू येत नाही. बऱ्याच दिवसांपासून येत नाही. मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून लिहिलं, आणि ही गोष्ट वाचकांपासून लपवली. त्या सिनेमात मी एक खोट काढली होती, देव उतरवण्याच्या प्रसंगातली. ती खोट त्यात नाही, माझ्या बघण्यात होती. वाक्याचा खरा अर्थ मी सांगणार नाही. तो ज्यांच्यासाठी आहे त्यांनी तो सिनेमातच ऐकावा. त्या दोन भावांची आणि त्या मुलीची मी माफी मागतो.’

अभिरामचं उत्तर यायला वेळ लागला. ‘सर, हे छापलं की लोक मागची सगळी परीक्षणं उकरून काढतील.’

‘काढू देत.’

मग नुसतंच टाइप करतोय असं दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. ‘मग सदर थांबवावं लागेल, सर.’

‘हो,’ नंदकिशोरनी लिहिलं. त्यानं पुढे काहीतरी मनापासून चांगलं लिहिलं होतं, ते त्यांनी पुढच्या आठवड्यात वाचलं.

रविवारी ते छापून आलं. सांगोल्याच्या डॉक्टरांनी काहीच कळवलं नाही. दुपारी मनस्वीचा फोन आला. चारुलताबाईंनी बोलून ठेवला आणि समोर येऊन बसल्या.

“आज संध्याकाळी हॉल उघडतायत. वडिलांनी काकांना तयार केलं. पण काकांची एक अट आहे. म्हणाले, ज्यानं लिहिलं तो माणूस इथे आला पाहिजे आणि माझ्या बाजूला बसला पाहिजे. पिक्चरमध्ये जरा जरी तसलं काही निघालं, तर त्याला मी तिथेच बघतो.”

“जाऊ या,” नंदकिशोर म्हणाले.

समाजहॉल नव्या गावाच्या मधोमध होता, ग्रामदेवतेच्या नव्या देवळाला लागून. बाहेर रंगीत दिवे, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. पडदा पांढराशुभ्र आणि ताणून बांधलेला. नंदकिशोर आत शिरले तशी डोकी वळली आणि बोलणी थांबली असावीत, कारण सगळ्यांचे ओठ एकदम मिटले. चारुलताबाई बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या. पहिल्यांदाच त्या त्यांच्या उजव्या अंगाला नव्हत्या.

हरेश पहिल्या रांगेत होता, मान खाली घालून. वामन मागच्या रांगेत उभा होता. उंच, हाडापेरानं मोठा, पांढरा शर्ट कडक इस्त्री केलेला, डोळे तांबारलेले. तो काहीतरी बोलला. लांबलचक बोलला. हातवारे केले. आधीचे नंदकिशोर असते तर त्यांनी समजल्यासारखी मान हलवली असती.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडे बघून, सावकाश बोला.”

वामन थबकला. आजूबाजूचे लोक बघत होते. मग तो वाकला, आपलं तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं आणि एक एक शब्द सुटा करून म्हणाला, “आमी. आमचे आयसला. जित्ती. जाल्ली. असा. लिवलाय तुमी.”

एकही शब्द चुकला नाही. सगळे पोचले. रागानं भराभर म्हटलं असतं तर कदाचित इतकं लागलं नसतं. असं हळूहळू म्हणताना वामनला प्रत्येक शब्द स्वतःच्या तोंडून पुन्हा ऐकावा लागत होता, आणि शेवटच्या शब्दाला त्याचा खालचा ओठ कापायला लागला.

“लिहिलं,” नंदकिशोर म्हणाले. “चूक लिहिलं.”

वामननं बाजूच्या खुर्चीवर थाप मारली. नंदकिशोर बसले.

दिवे गेले. या वेळी पडद्याखाली अक्षरं नव्हती. मनस्वीनं काढून टाकली होती, गावाला ती कशाला हवीत? नंदकिशोरना वाचायला काही उरलं नाही. बघण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून त्यांनी बघितलं. मुलगा खोटं बोलतो तेव्हा म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या हातांकडे बघते, ते हात उगाच चटईची काडी उसकटत असतात. ती मान डोलावते ती किंचित उशिरा. मुलं बाहेर गेल्यावर ती उठून घराच्या भिंतींना एकेक करून हात लावते, गुरांना लावावा तसा. सगळं पहिल्यापासून तिथेच होतं. गेल्या वेळी या सगळ्या वेळात ते खालच्या ओळीत होते.

देव उतरवायच्या प्रसंगाला बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना गेले. वामन ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर. त्याला काही लक्षात आलं होतं का, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. स्मशानाच्या प्रसंगाला त्यानं मान फिरवली.

मग नव्या घराची गच्ची आली. थोरला मुलगा कठड्याला टेकून उभा. धाकटा खाली बसलेला. दूर धावपट्टीचे दिवे. थोरल्याचे ओठ हलले. एकदाच, छोटंसं.

नंदकिशोरना काहीच ऐकू आलं नाही. पण त्यांच्या मनगटावर एक मोठा, खरखरीत पंजा पडला आणि घट्ट आवळला गेला. त्यांनी बाजूला बघितलं. वामनचं तोंड त्यांच्याकडे वळलेलं होतं. पडद्याच्या उजेडात त्याचे ओठ स्वच्छ दिसत होते.

काय बोल्ला त्यो?

चांगले दोन्ही कान शाबूत असलेला माणूस त्यांना विचारत होता.

“तिला जाण होती, म्हणाला,” नंदकिशोर म्हणाले. “आईला सगळं माहीत होतं. तुम्ही तिला फसवलं नव्हतंत.”

बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तो भलताच मोठा लागला. सबंध हॉलला ऐकू गेला. पहिल्या रांगेत हरेशनं मान वर केली आणि वळून बघितलं, भावाकडे, मग भिंतीशी उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे.

वामननं मनगट सोडलं नाही. तोंड उघडंच होतं, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसत नव्हता. त्यानं पुन्हा विचारलं.

नंदकिशोरनी पुन्हा सांगितलं, तेवढ्याच मोठ्यानं.